कुंडीखालची किल्ली

माझ्या बहिणीला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, ते घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं म्हणून. माझ्या अंगी त्यासाठी काही गुण होता असं कोणी समजू नये. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. उभा जन्म इंग्रजी पानांवरच्या चुका शोधण्यात गेला, पण त्या भाषेतलं एक वाक्य कधी जिवंत माणसासमोर तोंडातून काढलेलं नाही. तसा मी मराठीतही फार बोललेला नाही.

बहीण माझ्याहून धाकटी. सून तिला आई म्हणते, शेजारीपाजारी माई म्हणतात, मी लहानपणापासून चिमी म्हणतो. आता तिच्याकडे बघून हे नाव कोणाला पटत नाही, पण मला दुसरं सुचत नाही. निवृत्त झाल्यापासून मी तिच्याच घरी मागच्या खोलीत पुस्तकं घेऊन राहतो. भाचा फिरतीच्या नोकरीवर असतो, तो घरी आला की पाहुण्यासारखा वाटतो. भाचेसून चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. आणि भाची लग्न होऊन दूर परदेशात आहे.

या भाचीला दिवस गेले होते. दोनदा आशा लागून गेली होती, हे तिसऱ्यांदा. बाळंतपणाला आई हवी, एवढंच तिचं मागणं होतं. पण त्या देशाचा नियम असा की जास्त दिवस राहायला येणाऱ्याने इंग्रजी बोलण्याची एक छोटी परीक्षा द्यायची. आपलं नाव सांगायचं, घरात कोण कोण आहे ते सांगायचं, एक चित्र दाखवतात त्यात कुठली वस्तू कुठे आहे ते सांगायचं. बस.

"मामा, तुम्ही शिकवा ना तिला," भाची फोनवर म्हणाली.

"मला बोलता येत नाही गं. नुसतं वाचता येतं."

"तिला तरी कुठे येतंय? दोघं मिळून शिका."

पलीकडून ती हसली, पण हसता हसता तिचा आवाज कापला. मग मला नाही म्हणता आलं नाही.

चिमी पटापट शिकली. तिची जीभ कधी कोणाच्या धाकात नव्हतीच, परकी भाषा तिला काय दबकावणार. टेबलावर काय, पेटीत काय, हे तिने दोन दिवसांत उरकलं. मग 'अंडर' आला आणि अडलो मी.

मराठीत आपण 'खाली' म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत तसं नाही. पायपुसण्याच्या खाली किल्ली असते तेव्हा ती त्याला टेकलेली असते. टेबलाखाली मांजर बसतं ते टेबलाला टेकत नाही. दोन्हीकडे 'अंडर' चालतो. पण आपल्या खालच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ आपल्या 'अंडर' नसतात, ते 'बिलो' असतात. म्हणजे वर काहीतरी पांघरूण हवं, झाकण हवं, असं काहीसं असावं. असावं म्हणतो, कारण माझी खात्री नाही. तीन शब्दकोश उघडले, तिघांनी तीन उदाहरणं दिली आणि मला आणखी गोंधळात टाकलं.

"खाली म्हणजे खाली," चिमी म्हणाली. "तू त्या खालच्या मजल्यावरच्यांना कशाला उठवतोस?"

"माणसांनाही लावतात हा शब्द. एखादा साहेबाच्या अंडर काम करतो. आपण हाताखाली म्हणतो ना, तसं."

"म्हणजे सून माझ्या अंडर?"

स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

"तो उपयोग परीक्षेत येणार नाही," मी घाईघाईने म्हणालो.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमचे वडील एका गोदामाचे राखणदार होते. चोर कसा ऐकत असतो, कशावरून माग काढतो, याच्या गोष्टी सांगून त्यांनी आम्हाला वाढवलं. त्यांचा दंडक होता, ठेवलेली वस्तू कुठे आहे हे तोंडाने कधी बोलायचं नाही. भिंतीपलीकडे कोण कान देऊन आहे, काय सांगावं. मी तो दंडक विसरून गेलो, कारण माझ्याकडे चोराला उपयोगी पडेल असं काही कधी साठलं नाही. चिमीने मात्र तो सासरी नेला, संसारभर पाळला. तिच्या घरात मोलाची वस्तू कशात नसते, कशाच्या तरी खाली असते. आणि कशाच्या, ते ती सांगत नाही. भाऊजी होते तेव्हा त्यांना स्वतःचं घड्याळ हवं असलं की तिची वाट बघत बसावं लागे. सुनेला कपाट उघडायचं असलं की चिमी म्हणते, "तू जरा दाराबाहेर जा." सून दाराबाहेर जाऊन उभी राहते. आतून सरकवण्याचा, उचलण्याचा, परत ठेवण्याचा आवाज येतो. मग दार उघडतं आणि किल्ली तिच्या हातात पडते.

हे सगळं मी रोज बघत होतो. तरी शिकवताना ते माझ्या ध्यानात आलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी बशीखाली चमचा ठेवायचो, खुर्चीखाली चपला, उशीखाली चष्मा. ती धडाधड उत्तरं द्यायची. किल्ली मी कधी वापरली नाही, कारण माझ्या हाताशी किल्ली नसायचीच.

परीक्षेच्या कार्यालयात वयस्क उमेदवाराबरोबर घरच्या एका माणसाला बसता येत होतं. अट एवढीच की त्याने भिंतीकडच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ही अट माझ्याकडे बघूनच केली असावी. परीक्षक बाई प्रौढ होत्या, त्यांना सर्दी झाली होती. खोलीचं दार उघडंच होतं. बाहेर बाकावर पुढचे दोन उमेदवार बसले होते.

नाव झालं, घरची माणसं झाली. चिमीने माझी ओळख 'ओल्ड ब्रदर, व्हेरी क्वाएट' अशी करून दिली. मग चित्र पुढे आलं. एक खोली, टेबल, पलंग, आणि उघड्या दाराशी फुलझाडाची कुंडी.

"मांजर कुठे आहे?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"द कॅट इज अंडर द टेबल."

"बूट?"

"अंडर द बेड. नॉट गुड. शूज आउटसाइड."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझा जीव भांड्यात पडला.

"आणि किल्ली?"

किल्ली कुंडीखाली होती. अर्धी बाहेर डोकावत होती, लहान मुलालाही दिसावी अशी. चिमीने चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"आय कॅनॉट टेल," ती म्हणाली.

बाईंना वाटलं शब्द कळला नाही. त्यांनी पेनाचं टोक किल्लीवर टेकवलं. "ही. ही किल्ली."

"येस. आय सी."

"मग कुठे आहे ती?"

"इट इज सेफ."

बाईंनी नाक पुसलं. पुढे गेल्या. उशीखाली पैशांचं पाकीट होतं. "आणि हे पाकीट?"

"ऑल्सो सेफ," चिमी म्हणाली, आणि पदर सारखा करून गप्प बसली.

एक शब्द बोललो असतो तर कदाचित निभावलं असतं, कदाचित दोघांनाही बाहेर काढलं असतं. मी बोललो नाही. निकाल तिथल्या तिथे मिळाला. वस्तूंची जागा सांगता येत नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा यावं.

बसथांब्यावर उभे होतो तेव्हा मी विषय काढला.

"चिमे, तुला येत होतं."

"येत होतं."

"मग?"

"दादा, दार सताड उघडं होतं. बाकावरचा तो एक तर आल्यापासून माझ्या पिशवीकडे बघत होता."

"अगं, ते चित्र होतं."

"चित्र काय हवेतून काढतात? कोणाचं तरी घर बघूनच काढलं असेल ना. त्यांच्या घरची किल्ली मी का चव्हाट्यावर मांडू?"

तेवढ्यात बस आली आणि मी तिला आधी चढू दिलं.

घरी आल्यावर भाचीचा फोन आला. "नापास नाही गं, पुन्हा बोलावलंय," चिमी तिला म्हणाली. पुढचा महिना म्हणजे भाचीचे दिवस भरत आलेले असणार. तेव्हाही जमलं नाही तर बाळ आजीशिवायच जगात येणार, हे तिघांनाही कळत होतं. फोन ठेवून चिमी आत गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी कागदावर कुंडी आणि किल्ली काढून तिच्यापुढे धरायला लागलो. माझं चित्र वाईट होतं. कुंडी डब्यासारखी दिसायची. पण अडचण ती नव्हती. चिमी मनापासून प्रयत्न करायची. "द की इज," इथपर्यंत गाडी यायची. मग ती दाराकडे बघायची आणि ओठ मिटायचे.

"होत नाही रे दादा," ती म्हणायची. "मला माहितीये ते खोटं आहे. जीभ ऐकत नाही."

एका संध्याकाळी हे चाललं असताना भाचेसून दुकानातून आली. चपला काढता काढता तिने बराच वेळ आमचा तमाशा पाहिला.

"आई, कागदाला सांगून काय होणार?" ती म्हणाली. "खऱ्या माणसाला सांगून बघा. परक्या."

"आता परकं माणूस कुठून आणू?"

"मी आहे की."

ती हसत म्हणाली खरी, पण तिच्याबरोबर दुसरं कोणी हसलं नाही. मी माझ्या कागदात डोकं घातलं.

"तू परकी कशी गं?" चिमी म्हणाली.

"मग सांगा ना. कपाटाची किल्ली कुठे असते? आठ वर्षं झाली, दर वेळी मला दाराबाहेर उभी करता. शेजारच्या काकू विचारतात, रोज संध्याकाळी तू वर काय बघतेस. मी सांगते, चांदण्या बघते. त्या म्हणतात, भर पावसात?"

चिमीने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तिचा चेहरा बघून मला बसथांब्यावरची चिमी नव्हे, गोदामाच्या खोलीतली दोन वेण्यांची चिमी आठवली. वडिलांनी काही विचारलं की भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

"मराठीत नाही येत गं माझ्याच्याने," ती हळूच म्हणाली.

"मग इंग्रजीत सांगा."

ही कल्पना चिमीला एकदम पटली. ती उठली, दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला. मी आपला निघायला लागलो.

"तू बस, दादा. चुकलं तर सांग."

ती सुनेसमोर ताठ उभी राहिली, पाठांतर म्हणणाऱ्या मुलीसारखी. "द की," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. "द की इज अंडर द राइस."

"तांदळाखाली?"

"डब्याखाली. अंडर द डबा."

"बरोबर आहे," मी म्हणालो, कारण वाक्य बरोबर होतं.

सून शांतपणे म्हणाली, "माहितीये मला. तो डबा मीच पुसते ना, आई."

"कधीपासून?"

"लग्न झालं त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून."

"आणि तरी बाहेर जाऊन उभी राहत होतीस?"

"तुम्ही सांगाल तेव्हा कळलं, असं धरायचं ठरवलं होतं मी."

चिमी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडावरून पदर फिरवला आणि एकदा बांध फुटल्यावर काय, ती बोलतच सुटली. भाऊजींची अंगठी शिवणयंत्राच्या लाकडी पेटीच्या अंडर. बँकेच्या लॉकरची किल्ली देवळीतल्या जड समईच्या अंडर. "अँड माय बँगल्स," ती म्हणाली, "आर अंडर दादा."

सून माझ्याकडे बघायला लागली. मीही माझ्याकडे बघितलं.

"दादाज मॅट्रेस म्हणायचं," मी दुरुस्त केलं. "गादीच्या अंडर."

"तू गादीवरून उठतोस कधी? म्हणून अंडर दादा."

कित्येक वर्षं पाठीत काहीतरी टोचतं म्हणून मी डॉक्टरांच्या गोळ्या खात होतो. डॉक्टर म्हणायचे वयामुळे होतं, आणि मी मान डोलवायचो. ते चिमीला ठाऊक होतं. वेळेवर गोळी घे, अशी आठवण तीच करायची.

त्यानंतर रोज संध्याकाळी सासू-सुनांचा हाच अभ्यास चालू झाला. चिमी सांगायची, सून विचारायची, आणि मधेच दोघी माझ्याकडे बघून हसायच्या. माझी आता गरज उरली नव्हती. मला बरंच वाटलं. शिक्षक म्हणून माझ्या हातून कमीत कमी नुकसान झालं होतं.

दुसऱ्या परीक्षेला बाई त्याच होत्या, सर्दी गेली होती. चित्र नवीन होतं. दार तसंच सताड उघडं, आणि बाकावर या वेळी तिघं.

"किल्ली कुठे आहे?"

"द की इज अंडर द मॅट," चिमी म्हणाली. बाकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. मी ते चष्मा पुसण्याच्या मिषाने लपवले.

"छान," बाई म्हणाल्या. मग सहज, बोलण्यातून बोलणं वाढावं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या घरी? तुम्ही किल्ली कुठे ठेवता?"

मी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत उशीर झाला होता. महिनाभर घोटून घेतलेला अभ्यास तो. चिमीने एक दीर्घ श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सगळा म्हणून दाखवला. तांदळाचा डबा, शिवणयंत्र, समई, एकही वाक्य अडलं नाही, एकही क्रियापद चुकलं नाही. बाकावरचे तिघं पुढे वाकून ऐकत होते. त्यातल्या एकाने बहुधा उच्चार शिकण्यासाठी ओठही हलवले.

"अँड माय गोल्ड बँगल्स," चिमी म्हणाली, "आर अंडर हिम."

बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. बाकावरच्या तिघांनीही पाहिलं. मी खुर्चीतून अर्धवट उठलो. का उठलो, सांगता येणार नाही. खाली काही नाही हे त्यांना दिसावं, असं वाटलं असेल.

चिमी पास झाली. बाईंनी हात हातात घेऊन तिला सांगितलं की इतकं मोकळेपणाने बोलणारं माणूस त्यांच्यासमोर फार दिवसांत आलं नव्हतं. आम्ही बाहेर पडलो, जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर चिमी थांबली. कठडा धरला.

"दादा, मी काय काय सांगितलं?"

"सगळं."

"पत्ता?"

"पत्ता तू सुरुवातीलाच सांगितलास. नावाबरोबर."

"आणि तू गप्प बसलास?"

"तोंड उघडायचं नाही, असा नियम होता."

"नियम म्हणे," चिमी म्हणाली, आणि त्या वयात, त्या देहाने, दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेली. बसला थांबायला ती तयार नव्हती. जन्मात प्रथमच तिने टॅक्सीला हात केला. वाटेत तिने फक्त सुनेला फोन करून दुकानातून निघायला सांगितलं, आणि मग पास झाल्याचं सांगितलं, या क्रमाने. लेकीला फोन मी लावून दिला. दोघी एकाच वेळी रडत होत्या, त्यामुळे कोण काय म्हणालं ते मला कळलं नाही. टॅक्सीवाल्याने आरसा जरा वर फिरवला.

आम्ही पोचलो तेव्हा सून दाराशी उभी होती. धापा टाकत होती.

"आई, कुठून सुरू करायचं?"

"डबा आधी."

मी त्यांच्या मागोमाग आत जाऊ लागलो, तशी सुनेने हलकेच दार ओढून घेतलं. "मामा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी थांबलो. आत काहीतरी जड सरकलं. काहीतरी उचललं गेलं. "तिकडे नको आई, तिथे मामा पुस्तकासाठी हात घालतात," असं ऐकू आलं, आणि मग चिमीचं हसणं, जे मी भाऊजी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. पुढे कुजबुज सुरू झाली. ती इंग्रजीत होती की मराठीत, मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. निदान फारसा नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "या मामा, झालं," सून म्हणाली. तिच्या केसांना जळमट लागलं होतं.

"माझ्या गादीखालचं?"

"तुम्हाला माहीत नसलेलंच बरं, मामा. उद्या तुम्हाला कोणी विचारलं तर?"

"तो कसला सांगतोय," चिमी आतून म्हणाली. "पण त्याच्या तोंडावर दिसतं."

मी आत आलो. पलंगावर मोठी बॅग उघडून ठेवली होती. चिमी बाळासाठी धुऊन मऊ केलेली जुनी सुती लुगडी घडी करून देत होती आणि सून ती बॅगेत रचत होती. कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेला लटकत होती, उघड, सगळ्यांना दिसेल अशी. बॅग बंद करताना कोणीतरी वर बसायला लागेल, असं मला सांगण्यात आलं, म्हणून मी तिथेच खुर्ची ओढून थांबलो.